विश्लेषण : जुन्या गाडीसाठी योग्य कार्बोरेटर कसा निवडावा? भुसावळच्या उन्हात पद्मिनी, अँबॅसिडर का अडतात?

मे महिन्यातली दुपार. जळगावहून निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी भुसावळपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर विनातक्रार येते. लग्नघरापुढे दहा मिनिटे थांबते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. खान्देशात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा अशा तक्रारी वाढतात. मात्र नव्या कार्बोरेटरवर पैसे खर्च करूनही अनेकदा दुखणे तसेच राहते. इंजिनाला किती हवा लागते, गाडी कोणत्या हवामानात चालते आणि टाकीत कोणते पेट्रोल आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली तर निवड सोपी होते.

कार्बोरेटर नेमके काय करतो?

इंजिन हवा आत ओढते. ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे वेंचुरीतून, जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येते आणि हवेत मिसळते. साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते, धूर आणि खर्च वाढतो. कमी झाले तर ‘लीन’ होते, इंजिन जास्त तापते आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. आजच्या गाड्यांत हे प्रमाण सेन्सर आणि संगणक सांभाळतात. कार्बोरेटरमध्ये ते छिद्रांच्या मापावर ठरते.

मोठा कार्बोरेटर बसवला तर ताकद वाढते का?

बहुतेक वेळा नाही. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच आपल्या क्षमतेएवढी हवा घेते. मिनिटाला ४,८०० फेरे धरले तर हिशेब होतो २,६०० लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून पाऊण भाग धरायचा. म्हणजे मिनिटाला साधारण १,९५० लिटर. मूळ कार्बोरेटर याच गरजेसाठी बेतलेला असतो. त्याहून मोठा गळा बसवला की कमी वेगात हवेचा झोत मंदावतो, पेट्रोल नीट फवारले जात नाही आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरते. वाढीव क्षमता फक्त इंजिन पूर्ण ताणले तरच उपयोगी पडते, आणि जुनी गाडी सहसा कोणी तशी चालवत नाही.

दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर जोडपट्टी लावून बसवतानाही हेच लक्षात घ्यावे. मारुती ८०० चा कार्बोरेटर ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनासाठी आहे. तो बसला तरी जुळेलच असे नाही, त्याचे जेट नव्याने ठरवावे लागतात.

सोलेक्स आणि एस.यू. यांत फरक काय?

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर असे. यात गळ्याचे माप कायम असते आणि वेगवेगळ्या वेगासाठी वेगवेगळे जेट असतात. मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो : १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. जेट बदलून मिश्रण बदलता येते, हा याचा मोठा फायदा.

१,४८९ सीसी इंजिनाच्या अँबॅसिडरला ब्रिटिश एस.यू. कार्बोरेटर येत असे. त्यात पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो आणि गळा लहान-मोठा होतो. पिस्टनला जोडलेली निमुळती सुई पेट्रोल मोजते. त्यामुळे इथे मिश्रणाचे गणित मुख्यतः सुईवर चालते. वर डॅम्परमध्ये तेल घालावे लागते. ते संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि दोष विनाकारण कार्बोरेटरला लागतो.

खान्देशातल्या उन्हाचा काय परिणाम होतो?

परिणाम दोन आहेत. पहिला हवेवर. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटेच्या तुलनेत मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा सुमारे ११ टक्के विरळ असते. ढोबळ हिशेबाने मिश्रण त्यामुळे पाच-सहा टक्के रिच होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी चढतानाही असेच घडते.

दुसरा परिणाम पेट्रोलवर, आणि गाडी बंद पडण्याचे कारण बहुधा हेच असते. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण तापलेल्या लोखंडाची उष्णता वर चढतच राहते. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली तर पंप पेट्रोल ओढू शकत नाही. यालाच वेपर लॉक म्हणतात. फ्लोट चेंबरमध्ये उकळी आली तर पेट्रोल इंजिनात सांडते आणि प्लग भिजतात. अँबॅसिडरमध्ये एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर इंजिनाच्या एकाच बाजूला असल्याने उष्णतारोधक पत्रा जागेवर असणे फार गरजेचे आहे. पंपावर ओला फडका टाकण्याचा जुन्या चालकांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जाते.

ई-२० पेट्रोलमुळे काय बदलले?

देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि आता ते सर्वत्र झाले आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. जुने जेट तसेच ठेवले तर मिश्रण जवळपास आठ टक्के लीन पडते. छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे वाढवायला १२० चा जेट १२५ करावा लागतो.

इथे भुसावळचे गणित मजेशीर होते. मे महिन्याच्या दुपारी ऊन मिश्रण रिच करते आणि इथेनॉल लीन, त्यामुळे बरीचशी बरोबरी होते. पण जानेवारीच्या पहाटे उन्हाची मदत नसते. म्हणूनच जेटची चाचणी फक्त उन्हाळ्यात घेऊन चालत नाही. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते. गरम एक्झॉस्टजवळ गळणारी नळी म्हणजे आगीला निमंत्रण. नव्या कार्बोरेटरच्या आधी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घ्याव्यात.

निवड करताना कोणता क्रम पाळावा?

- आधी इंजिन तपासा : कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग. यातला दोष कार्बोरेटर बदलून जात नाही.
- थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून पाहा. तो खुळखुळत असेल तर बाजूने हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. तिथे बुश बसवून घेता येतात.
- किट टाका : गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, पंपाचा पडदा. फ्लोटची पातळी ठरलेल्या मापाला आणा. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र मोठे होते.
- कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला बेकेलाइटचा उष्णतारोधक तुकडा आहे का, ते पाहा.
- शेवटी प्लग पाहा. फिकट तपकिरी रंग योग्य, काजळी रिच, पांढरा लीन. जेट एकावेळी एकच पायरी बदला.

मूळ कार्बोरेटरची बॉडी तडकली असेल किंवा वाकली असेल तरच दुसरा घ्यावा, तोही त्याच मापाचा आणि त्याच इंजिनासाठीचा.

मूळ भाग जपण्याचे आणखी एक कारण...

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण पहिल्या वर्षांतल्या खासगी पद्मिनी आता ही पन्नाशी गाठत आहेत. त्यामुळे बदली कार्बोरेटर बसवला तरी जुना भंगारात देऊ नये.

आणि लग्नघरापुढे अडलेल्या त्या गाडीचे? बॉनेट उघडावे, ती सावलीत लोटावी, पंपावर ओला फडका ठेवावा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मग ॲक्सिलरेटर वारंवार न मारता पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर द्यावा. गाडी सुरू झाली, तर दोष बहुधा उष्णतेचा होता, कार्बोरेटरचा नव्हे.