थकवा, दैनंदिन (सुरतेतील श्रमजीवनाच्या संदर्भात)

काम, जागरण, उष्मा किंवा अपुरा आहार यांमुळे येणारा आणि विश्रांतीने ओसरणारा शीण म्हणजे दैनंदिन थकवा. पुरेशी झोप घेऊनही न जाणारी, आठवडेच्या आठवडे टिकणारी ग्लानी यात मोडत नाही.

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे येथे येत गेली आणि यंत्रमाग, रंगाई-छपाई, साडीबाजार यांत सामावली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी सर्रास चालते. 1948 च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, हे येथे नोंदवणे भाग आहे. कारण थकव्याचा बराचसा हिशेब सवयींच्या आधी तासांचा असतो.

पाळी बदलली तरी शरीराचे घड्याळ लगेच बदलत नाही. ते उजेडावर चालते. रात्रपाळी संपवून उन्हातून घरी आलेल्याला तेच ऊन जागे ठेवते; त्यात पत्र्याची खोली दुपारी तापते आणि झोप तुटक होते. प्रौढाला साधारण 7 ते 9 तास झोप लागते. परतताना डोळ्यांवर ऊन न घेणे, खिडकीला जाड पडदा लावणे, रात्रपाळीपूर्वी वीसेक मिनिटांची डुलकी काढणे हे उपाय बिनखर्चाचे किंवा अल्प खर्चाचे आहेत. घरातल्यांनी त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवणे हाही उपचारच.

चहा थकवा घालवत नाही, झाकतो. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जाते व झोप आणते. चहातील कॅफीन त्याचा परिणाम अडवते. निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला साधारण 5 तास लागतात, म्हणून पाळी संपता संपता घेतलेला चहा अंथरुणावर नडतो. जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातील लोहही कमी शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) गुजरातमधील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 65 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरकाम उरकून साडीवर टिकल्या चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या बाईचा शीण ‘कामाचा’ धरलाच जात नाही. त्या शिणामागे पुष्कळदा रक्तक्षयच असतो.

आहारात खानदेशी घरांची जुनी सवय उपयोगी आहे : ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, सोबत डाळ, पालेभाजी आणि लिंबू. लिंबातील क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. शुद्ध शाकाहाऱ्यांनी बी-12 साठी दूध-दही सोडू नये. दमट उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे; घाम फार गेल्यास ताकात मीठ घालून घ्यावे, मात्र उच्च रक्तदाब असलेल्यांनी मीठ जपून वापरावे.

वराछा, कतारगाम येथे घंटीवर (हिरे घासण्याच्या चाकावर) वाकून काम करणाऱ्यांचा थकवा मान, पाठ आणि डोळ्यांत उतरतो. त्यांनी तासाभराने उठून दूरवर नजर टाकावी. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायामाची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस (2020) मुख्यतः अशा बैठ्या कामासाठी अर्थपूर्ण आहे. दिवसभर मागांमधून फिरणाऱ्याला आधी विसावा हवा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे, सतत तहान किंवा धाप असल्यास थकव्यामागे क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड वा हृदयविकार असू शकतो. नंदुरबार आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातील कुटुंबांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे; तेथे रक्ततपासणी केल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.