इतिहासमंडळांच्या सभा आणि आपल्या घरची दप्तरे

इतिहास लिहिणाऱ्यांची नावे आपल्या तोंडी असतात. परंतु इतिहास ऐकावयास जमणाऱ्यांनीही इतिहासाची केवढी सेवा केली आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नेमलेल्या दिवशी जिज्ञासू मंडळींनी जमावे, एकाने जुने कागद वाचून दाखवावे व इतरांनी शंका विचाराव्या, हा परिपाठ महाराष्ट्रात कसा पडला आणि त्यापासून आपल्या ज्ञातीने काय घ्यावे, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि सुशिक्षितांस व्याख्यानश्रवणाची गोडी लागली. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढून बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. मिरजेस शाळेत संस्कृत शिकविता शिकविता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर उलगडले. साने हेही शिक्षणखात्यातलेच. आमचा सारा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत गेला असल्यामुळे या गोष्टीचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो. पुढे १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ही माला बावीस खंडांपर्यंत गेली.

हे सर्व उद्योग थोर खरे. परंतु ते बहुधा एकेकट्याच्या बळावर चाललेले होते. एकाने शोधलेले दहांनी तपासावे, अशी सोय नव्हती. ती उणीव ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भरून निघाली. त्या दिवशी राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. मंडळाच्या पाक्षिक सभांत टिपणे वाचली जात, त्यांवर कडाक्याची चर्चा होई आणि त्या चर्चेतून तावून सुलाखून निघालेले लेखन पुढे छापले जाई. अशा चर्चेत वक्त्याच्या मोठेपणाला किंमत नसते. पुरावा कोठला, अस्सल की नक्कल, अक्षर व शिक्का कोणाचा, हे प्रश्न सर्वांना सारखेच लागू पडतात.

अशा मंडळांमुळे घराघरांतील दप्तरांस वाट मिळाली. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली मंडळाद्वारे उजेडात आणली. तोवर शिवछत्रपतींचा जन्म बखरींच्या आधारे शके १५४९ मधील मानण्याचा प्रघात होता. जेध्यांच्या शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली. त्यावर दीर्घकाळ वाद झाले. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या परमानंदकृत 'शिवभारता'तही तीच तिथी आढळली. आज शासन १९ फेब्रुवारीस जयंती साजरी करते, त्याच्या मुळाशी एका देशमुखी घराण्याने जपलेला कागद आहे. तो वाण्याच्या पुड्यांस गेला असता तर?

आता आपल्याकडे वळू. आपल्या ज्ञातीतही जुन्या पेट्या आहेत. त्यांत वतनाचे महजर असतील, इनामाच्या सनदा असतील, विहिरीच्या वाटणीची व कर्जाची खते असतील. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आपल्या पूर्वजांची नावे सापडण्याजोगी आहेत. परंतु हे कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे विरळ होत चालली. आमच्या पिढीस ती लिपी शाळेत मिळालीच नाही. वाडा पाडून सदनिका उभ्या राहताना पेटी प्रथम माळ्यावर जाते, तेथून रद्दीत जाते. यास उपाय एकच. ज्ञातिगृहात दरमहा एक सभा भरवावी. प्रत्येक सभेत एका घरचा एक कागद मोडीच्या जाणकाराकडून वाचवून घ्यावा. त्याची छायाचित्रे व बाळबोध नक्कल ठेवावी, आणि मूळ कागद त्या घरी सन्मानाने परत करावा.

येथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सभेत केवळ आपल्या थोरवीचे कागद यावे, अशी अपेक्षा धरून चालणार नाही. एखाद्या महजरात आपला पूर्वज वतनाच्या तंट्यात खोटा ठरलेला असेल. एखाद्या खतात कुणबिणीच्या खरेदीची रक्कम लिहिलेली असेल. असा कागद पुढे आला म्हणजे तो दडपण्याचा मोह होईल. परंतु सोयीचे तेवढेच वाचणारी सभा भाटगिरी करते, आणि तिने काढलेल्या गौरवाच्या कागदांवरही मग कोणी विश्वास ठेवीत नाही. जेध्यांच्या शकावलीने रूढ तिथी बदलली, म्हणून ती कोणी पेटीत परत टाकली नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या कार्यास मोठा निधी नको की विद्वानांचा ताफा नको. महिन्याची एक संध्याकाळ, एक सतरंजी आणि सत्य ऐकण्याची तयारी एवढे पुरे आहे. येत्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावरील पेटी एकदा उघडावी, आणि आत काय आहे हे कळेपर्यंत त्यातील एकही चिठोरे टाकू नये, एवढीच आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.