प्लॅट दुरुस्ती आणि क्यूबाचे स्वातंत्र्य (१९०१–१९३४)

एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्धास प्रवृत्त होताना अमेरिकेच्या काँग्रेसने टेलर दुरुस्तीद्वारे जाहीर केले की, क्यूबावर सत्ता गाजविण्याचा आपला हेतू नसून, शांतता प्रस्थापित होताच बेटाचा कारभार तेथील जनतेकडे सोपविला जाईल. हे वचन शब्दशः पाळले गेले. क्यूबा अमेरिकेच्या राज्यास जोडला गेला नाही. तथापि प्रदेश न जिंकताही दुबळ्या शेजाऱ्याचे राजकीय जीवन कसे घडविता, किंबहुना बिघडविता येते, याचे बोधप्रद उदाहरण क्यूबाच्या पुढील इतिहासात सापडते.

१ जानेवारी १८९९ पासून बेटावर अमेरिकेची लष्करी राजवट सुरू झाली. क्यूबाच्या घटना-परिषदेने राज्यघटना तयार केली न केली, तोच २ मार्च १९०१ रोजी अमेरिकेच्या लष्करी खर्चाच्या विधेयकास जोडून प्लॅट दुरुस्ती संमत झाली. तीनुसार परराष्ट्रांशी करार करण्याच्या व कर्ज काढण्याच्या क्यूबाच्या अधिकारावर बंधने आली; आरमारी तळांसाठी अमेरिकेस जागा देणे भाग पडले; आणि तिसऱ्या कलमान्वये क्यूबाचे स्वातंत्र्य अबाधित राखण्यासाठी, तसेच जीवित व वित्त यांच्या रक्षणास समर्थ असे शासन टिकविण्यासाठी, अमेरिकेस हस्तक्षेपाचा हक्क मिळाला. या अटी मान्य झाल्याखेरीज फौजा हलणार नाहीत, हे स्पष्ट होते. १२ जून १९०१ रोजी परिषदेने १६ विरुद्ध ११ मतांनी त्या स्वीकारल्या, आणि २० मे १९०२ रोजी प्रजासत्ताकाची स्थापना झाली.

या कलमाचा परिणाम केवळ प्रत्यक्ष हस्तक्षेपांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. त्याचा खोल परिणाम क्यूबातील पक्षांच्या वर्तनावर झाला. १९०६ साली अध्यक्ष एस्त्रादा पाल्मा यांच्या फेरनिवडीविरुद्ध लिबरल पक्षाने बंड केले. बंडखोरांची भिस्त आपल्या शस्त्रांइतकीच वॉशिंग्टनच्या हस्तक्षेपावर होती. उलट अध्यक्षांनीही प्रतिपक्षाशी तडजोड करण्याऐवजी अमेरिकेस पाचारण करून राजीनामा देणे पसंत केले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हस्तक्षेप मनापासून नको होता. त्यांनी प्रथम टॅफ्ट व बेकन यांना मध्यस्थीसाठी धाडले. परंतु स्वतःच निर्मिलेल्या हक्काने त्यांनाही जखडून टाकले होते. परिणामी १९०९ पर्यंत बेटावर पुन्हा अमेरिकी प्रशासन आले. १९१२ व १९१७ च्या बंडांच्या वेळीही अमेरिकेचे नौसैनिक बेटावर उतरले.

आर्थिक संबंधांनी हे परावलंबन दृढ केले. १९०३ मध्ये अमलात आलेल्या व्यापारी करारान्वये क्यूबाच्या साखरेस अमेरिकी जकातीत २० टक्के सूट मिळाली. साखरधंद्यात अमेरिकी भांडवलाचा ओघ वाढला, आणि कलमातील ‘वित्तरक्षण’ या शब्दास अधिकाधिक ठोस अर्थ प्राप्त झाला.

प्लॅट दुरुस्तीमुळे बेटास स्थैर्य लाभले, असा युक्तिवाद तिच्या समर्थकांनी केला. परंतु जेथे अंतिम निवाडा बाहेरची सत्ता करते, तेथे राज्यकर्त्यांना जनतेपुढे आणि विरोधकांना मतपेटीपुढे नमण्याचे कारण उरत नाही. ज्या अराजकाचा उपाय म्हणून हे कलम योजिले गेले, त्यासच त्याने खतपाणी घातले.

१९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या ग्राऊ सान मार्तिन यांच्या शासनाने प्लॅट दुरुस्ती झुगारून दिली; पण अमेरिकेने या शासनास मान्यता दिली नाही आणि जानेवारी १९३४ मध्ये ते कोसळले. त्याच महिन्यात आलेल्या मेंदिएता शासनास मात्र काही दिवसांतच मान्यता मिळाली. २९ मे १९३४ च्या करारान्वये प्लॅट दुरुस्ती औपचारिकरीत्या रद्द झाली. ग्वांतानामोचा तळ अमेरिकेकडेच राहिला. कलम गेले, परंतु तीन दशकांत त्याने रुजविलेली सवय, म्हणजे हवानातील सत्तेचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये शोधण्याची प्रवृत्ती, करारान्वये रद्द होण्यासारखी नव्हती.