वांग : डागाचा रोग, वर्णाचा बाजार

१/ पहूरहून पुढे गेल्यावर लागणाऱ्या अजिंठ्याच्या लेण्यांत सावळे आणि गौर, दोन्ही चेहरे सारख्याच आदराने रंगवलेले आहेत.

२/ आपला ‘वांग’ म्हणजे संस्कृत ‘व्यंग’. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तो क्षुद्ररोगांत येतो : मुखावरचे पातळ, वेदनारहित, काळसर मंडल, कारण क्रोध आणि श्रम. रोग म्हणजे डाग, वर्ण नव्हे.

३/ वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील कुंकुमादी तेलात केशर, वाळा, लाख, ज्येष्ठमध तेलात सिद्ध होतात. त्वचेवर स्वतःचा स्निग्ध थर असतो. तेल त्यात सहज मिसळते.

४/ आता १९७५. त्वचेच्या तैलग्रंथींचे अभ्यासक क्लिगमन यांनी विलिस यांच्यासह हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण मांडले. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग करणारे क्लिगमन ते हेच. त्याच वर्षी भारतात ‘फेअर अँड लव्हली’ आली.

५/ पुढे अशीच स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणासाठी चिठ्ठीविना विकली गेली. त्वचा पातळ झाली, चेहरे लालसर झाले, मलम थांबवताच आग होऊ लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली.

६/ सुश्रुताने डाग आणि वर्ण यांत केलेला भेद बाजाराने पुसला. मलम विकत घेताना तो आठवावा.