टोपीचा उजवा अर्धा

आर या संगणकभाषेत वर्ग काढणारं फंक्शन लिहायचं तर पूर्वी ‘फंक्शन’ हा अख्खा आठ इंग्रजी अक्षरांचा शब्द टंकावा लागे. मे 2021 च्या 4.1.0 आवृत्तीपासून एक उलटी तिरपी रेघ पुरते: \(न) न^2. कंसात येणाऱ्याचं नाव, पुढे त्याचं काय करायचं ते. बस्स.

ही रेघ म्हणजे एक पाय गमावलेला ग्रीक लॅम्डा. हास्केल भाषेवाल्यांनी ती तीस वर्षं आधीच वापरली होती. मधली वंशावळ एका दमात सांगतो: 1930 च्या दशकात फंक्शनसाठी लॅम्डा चिन्ह वापरणारे प्रिन्स्टनचे अलोन्झो चर्च, 1958 मध्ये मॅकार्थींची लिस्प, मग स्कीम, आणि स्कीमच्या प्रेमात पडलेल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांच्या हातून ऑकलंडची आर. अंगरखा मात्र बेल लॅब्जच्या एस भाषेचा, म्हणून लॅम्डाऐवजी ‘फंक्शन’.

पण चर्चनी लॅम्डाच का घेतला? इथे दोन पक्ष आहेत, आणि दोन्हींचा साक्षीदार स्वतः चर्च! 1964 च्या एका पत्रात ते सांगतात की, व्हाइटहेड-रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’त एक्सच्या डोक्यावर टोपी असे. आपली कल्पना वेगळी दिसावी म्हणून चर्चनी ती उतरवून एक्सच्या अलीकडे ठेवली, ∧ अशी. पुढे छपाईच्या सोयीसाठी तिचा लॅम्डा झाला. उलट चर्च यांचे विद्यार्थी डेना स्कॉट सांगतात की, चर्च यांच्या जावयाने पोस्टकार्ड पाठवून हेच विचारलं, तर सासऱ्यांनी समासात मुलांची राज्य कुणावर ते ठरवायची ओळ खरडून ते परत धाडलं. म्हणजे आपलं अडम-तडम!

मी टोपीवाल्यांकडचा. अडम-तडम करून उचललेल्या अक्षराला अशी पायरी-पायरीची कहाणी नसते. पोस्टकार्डावर मला तरी, तोच प्रश्न ऐकून कंटाळलेल्या म्हाताऱ्याची थट्टाच दिसते. पत्रही घटनेनंतर तीसेक वर्षांनी लिहिलेलं, हे विरोधकांचं म्हणणं खरं; पण चर्च तर्कशास्त्री होते, चिन्हं विसरणाऱ्यांतले नव्हेत.

आता मला सापडलेली खरी गोष्ट. ही उलटी रेघ संगणकाच्या अक्षरांच्या आस्की संचात कशी आली? 1961 मध्ये संगणकशास्त्रज्ञ बॉब बीमर यांनी ती घुसवली, ती अल्गॉल भाषेचं ‘आणि’चं चिन्ह / आणि \ जोडून उमटवता यावं म्हणून. ते चिन्ह कोणतं? ∧. चर्चनी उतरवून ठेवलेली टोपी हुबेहूब अशीच! आर लिहिणारा जी कळ दाबतो, ती टोपीच्या उजव्या अर्ध्यासाठीही आणलेली आहे.

कुणी हे ठरवून केलं नाही, कबूल. न^2 मधली टोपी तर निव्वळ घाताची. तिचा यात काडीचाही संबंध नाही. असता तर मला फार बरं वाटलं असतं.