अयाचित : ब्रिस्टल ते केडगाव

माझे आजोबा पुराण सांगत. चातुर्मासात देवळात त्यांची पोथी चाले आणि पोथीपुढे एक पितळी ताट असे. घरचा नियम असा, की त्या ताटाकडे बघायचे नाही. काय पडले ते घरी आल्यावर आजी मोजी. कमी पडले तर ती बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी आमटी पातळ व्हायची. आजोबा या वृत्तीला 'अयाचित' म्हणत. मागायचे नाही, आले ते नाकारायचे नाही आणि उरले तर ठेवायचे नाही.

हा शब्द मला पुढे भलत्याच ठिकाणी आठवला. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली आपली साक्ष मी वाचत होतो. केडगावच्या मुक्ती मिशनवर काही लिहावे, असा विचार होता. हे मिशन 'श्रद्धेवर' चालते, म्हणजे कोणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर चालते, असे त्याचे वर्णन नेहमी वाचायला मिळते. त्याचे मूळ इंग्लंडात आहे असेही सांगतात, आणि ते खरेच आहे. पण साक्षीची पहिली पाने वाचताना मला इंग्लंड दिसेना. आजोबांचे ताट दिसू लागले.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांच्याशी वाद झाला, ही हकिगत वाचकांना ठाऊक आहेच. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर पोथी उघडायची, लोक फुले, फळे, धान्य, पैसा आणून ठेवत. रमाबाई लिहितात, की आम्हांला कधी भीक मागावी लागली नाही आणि पोटासाठी कामही करावे लागले नाही. गरजेपेक्षा जास्त मिळे आणि उरलेले तीर्थयात्रा व ब्राह्मणांना दानधर्म यांत जाई. देव देईल हा विश्वास इतका पक्का होता, की साठवण अशी काही राहिलीच नाही.

मग १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ सुरू झाला आणि घाटावर धान्य आणणारे लोकच उपाशी पडले. होते नव्हते ते विकले गेले. उपास, अनुष्ठाने, दाने चालूच होती, कारण संकटात ती वाढवावीत असेच शास्त्र सांगत होते. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात मरायला जायचे ठरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध, आंधळ्या वडिलांनी जलसमाधीची तयारी केली, तेव्हा मुलगा म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी पडेल ते काम करीन. उशीर झाला होता. वडील गेले, काही महिन्यांच्या आत आई गेली, थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी रमा. ती उंचीने इतकी लहान, की आपल्या बाजूचा भार तिला खांद्यावर घेता येईना. तिने तो डोक्यावर घेतला.

ही मुलगी पुढे पुन्हा अयाचित वृत्तीकडे वळली, आणि तेही जाणूनबुजून. इथे मी अडलो. ज्या विश्वासाने आईबाप नेले, तसाच विश्वास तिने दोन हजार जिवांच्या आधाराला का घ्यावा?

उत्तरासाठी ब्रिस्टलला जावे लागते. जॉर्ज म्युलर हा प्रशियातला, जन्म १८०५. बाप सरकारी करवसुली अधिकारी, आणि पोरगा त्या वसुलीतले पैसे चोरणारा. खानावळींची बिले बुडवून सोळाव्या वर्षी तो तुरुंगात गेला. पुढे हाले विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत असताना १८२५ मध्ये एका घरगुती प्रार्थनेला गेला. तिथे त्याने माणसाला गुडघे टेकून प्रार्थना करताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिथून त्याचे आयुष्य फिरले. हालेतच आउगुस्ट हेरमान फ्रांके याने सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला मोठा अनाथाश्रम होता आणि गरीब विद्यार्थी म्हणून म्युलर काही काळ त्याच्या वसतिगृहात राहिलाही होता. (तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचे पालक आणि शिक्षक ठरलेले श्वार्ट्झ हे मिशनरी याच हालेच्या परंपरेतले. मराठी माणसाचा या गावाशी असलेला संबंध केडगावपेक्षा बराच जुना आहे.)

इंग्लंडात धर्मोपदेशक झाल्यावर १८३० मध्ये म्युलरने पगार सोडला आणि प्रार्थनामंदिरात एक पेटी ठेवली. १८३६ मध्ये ब्रिस्टलला भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम काढला. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउन या टेकाडावर पाच प्रचंड इमारती आणि २,०५० मुलांची सोय झाली. १८९८ मध्ये तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुले त्याच्या छत्राखालून गेली होती आणि जवळजवळ पंधरा लाख पौंड त्याच्या हातून खर्च झाले होते. कोणाकडेही मागितले नाही, कर्ज काढले नाही. आश्रम काढण्याचा पहिला हेतू त्याने स्पष्ट सांगितला आहे: देव आजही प्रार्थना ऐकतो हे लोकांना डोळ्यांनी दिसावे. अनाथांचे पोट हा दुसरा. हा क्रम आपल्याला खटकतो, मलाही खटकला. पण त्याने तो लपवला नाही, एवढे खरे.

म्युलरच्या वृत्तान्तातली मला सर्वांत आवडलेली व्यक्ती तो स्वतः नाही. ती आहे एक शिवणकाम करणारी आजारी बाई. आठवड्याला जेमतेम काही शिलिंग मिळवणाऱ्या या बाईला वारसाहक्काने ४८० पौंड मिळाले. दारुड्या बापाची देणी भावंडांनी पौंडाला पाच शिलिंग देऊन मिटवली होती. कायद्याने विषय संपला होता. या बाईने गुपचूप बाकीची पूर्ण रक्कम फेडली, आईला शंभर पौंड दिले आणि आश्रमाला शंभर पाठवले. म्युलरला ते घ्यावेसे वाटेना. उमाळ्याच्या भरात दिले असेल, मग पस्तावेल, म्हणून त्याने तिला बोलावून समजावून पाहिले. ती ठाम होती. तेव्हाच त्याने पैसे घेतले. मागणार नाही म्हणणारा माणूस आलेलेही तपासून घेत होता. आजोबांच्या ताटाला ही तपासणी नव्हती.

रमाबाईंनी म्युलरचे चरित्र वाचले, चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरचे आणि न्यू हेब्रिडीजमधल्या जॉन पेटनचेही. वाचून त्यांना प्रश्न पडला, की परदेशात असा देवावर भरवसा ठेवता येतो, मग हिंदुस्थानात का नाही? असे मिशन इथे कोणी तरी काढावे. मग मनातून उलटा प्रश्न आला: तूच का काढत नाहीस?

हा प्रश्न त्यांना पडला त्या वेळची त्यांची स्थिती बघितली पाहिजे. चरित्रकार बहुधा इथे घाई करतात. तोवर रमाबाई तीन वेळा दात्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयाला असताना बाप्तिस्मा झाला, आणि लगेच काय मानायचे, काय नाही, कोणाचे ऐकायचे यावरून खटके सुरू झाले. मग अमेरिकेत १८८७ च्या अखेरीस बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. अट अशी, की धर्मशिक्षण द्यायचे नाही. सदन पुण्याला हलल्यावर रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांचे सल्लागार मंडळ होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि मुली आत येऊन बसत. दार लावून घ्यावे असे लोकांचे म्हणणे, मी लपून प्रार्थना करणार नाही हे रमाबाईंचे. 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी पुष्कळ मुली नेल्या.

म्हणून माझे मत असे, की 'फक्त देवाकडे मागणे' हा रमाबाईंच्या बाबतीत भक्तीइतकाच स्वातंत्र्याचाही मामला होता. ज्याच्याकडे मागावे त्याचे ऐकावे लागते, हे त्यांनी वाँटेज, बॉस्टन आणि पुणे या तिन्ही ठिकाणी अनुभवले होते. जिथे कोणी एक दाता नाही, तिथे लगामही कोणाच्या हाती नाही. भक्तांना हे मत रुचणार नाही. आणि रमाबाईंची प्रार्थना ही निव्वळ युक्ती होती असे म्हणणाऱ्यांनाही ते उपयोगाचे नाही. रोज पहाटे उठून कोणी युक्ती करत नाही.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन मात्र त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे तेव्हाचे उजाड माळरान. बॉस्टनच्या वचनाची दहा वर्षे संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हिशेब. वडिलांपासून त्यांनी घेतलेली फारकत मला इथे दिसते, धर्मांतरात दिसते त्यापेक्षाही स्पष्ट. प्रार्थना करायची, पण झाडे लावून.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. हाताशी पैसा नव्हता. पण उपाशी मुलींचे वर्णन वाचल्यावर त्यांना तिरुपतीचे रान आठवले, आणि त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या सगळ्यांना केडगावच्या माळावर तंबूत आणि झोपड्यांत नेले. मुक्ती सदनाचा जन्म हा असा, योजनेशिवाय झाला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शाळा, विणकाम, शिवण, तेलघाणा, गोठा, छापखाना सुरू झाले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी आणि पंगूंसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन. अनाथ मुलगी शिकून उपयोगी पडेल असे दाता मानतो. आंधळ्या म्हातारीचा हिशेब असा मांडता येत नाही. दातृत्वाचा खरेपणा तपासायचा तर मी तो या शेवटच्या दोन सदनांत तपासेन.

आता आक्षेप. अयाचित म्हणावे असे हे खरोखर होते का? म्युलर दरवर्षी अहवाल छापून वाटत असे. 'आम्ही कोणाला गरज सांगत नाही' हे हजारो प्रतींत छापून सांगणे ही एक प्रकारची सांगणीच. त्याला हे कळत असावे. १८४१ च्या डिसेंबरात तिजोरी रिकामी असताना त्याने वार्षिक सभाच पुढे ढकलली, अहवाल ऐकून कोणी कळवळून देऊ नये म्हणून. केडगावचेही 'मुक्ती प्रेयर बेल' हे पत्रक निघे, आणि हेलन डायर यांनी लिहिलेले रमाबाईंचे चरित्र १९०० मध्येच इंग्रजी वाचकांपुढे आले. शिवाय शारदा सदनाला अमेरिकेतली संघटित मदत १८९८ नंतरही नव्या मंडळाकडून चालू होती. एकाच बाईच्या हाताखाली एक घर वर्गणीवर आणि दुसरे प्रार्थनेवर, हे चित्र भक्तिपर चरित्रांत नीट येत नाही. मला त्यात लबाडी वाटत नाही. वचन दिलेले पैसे वचनाच्या जागी गेले.

दुसरा आक्षेप जड आहे. दुष्काळातून आणलेल्या पुष्कळ मुलींचा बाप्तिस्मा झाला. भाकरी देणाऱ्या हाताला उपाशी मुलगी नाही कशी म्हणणार? रमाबाईंचे म्हणणे, जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते मी लपवू कसे? दोन्ही वाक्ये मला खरी वाटतात, आणि त्यांची तडजोड मला जमलेली नाही. १९०५ च्या जूनअखेरीस केडगावात जी जागृती उसळली, मुली रात्ररात्र रडत, गात, प्रार्थना करत राहिल्या, तिच्याविषयी आपण वाचतो ते बहुतेक मिशनऱ्यांच्या लेखणीतून. नरसिंहपूरकडून आलेल्या एखाद्या मुलीने आपल्या शब्दांत लिहिलेले पान मिळाले, तर ते मी या सगळ्या अहवालांच्या वर ठेवीन.

असे एक पान आहे, पण ते शारदा सदनाचे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. त्यांनी धर्म बदलला नाही आणि रमाबाईंवरचा लोभही सोडला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जी संस्था काढली, तिची रीत केडगावच्या नेमकी उलट होती. दारोदार जायचे, रुपया मागायचा, आणा मागायचा, आणि देणाऱ्याला कामात भागीदार करून घ्यायचे. देवाने दिले की लोकांनी, हा प्रश्न हिंगण्याला उद्भवत नव्हता. आनंदीबाईही वर्गणी गोळा करत हिंडल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले त्यांचे बायबल दोन वर्षांनी छापून पुरे झाले. आनंदीबाईंनी आपली आठवण त्यानंतर वीस वर्षांनी, १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. पुराणिकाच्या लेकीकडे शिकलेल्या या बाईने पुस्तकाला नाव दिले, 'माझे पुराण'.