हेडफोन सारखा डिस्कनेक्ट होतो? कारण 1947 पासूनचं आहे

बारवी धरणात जमीन गेलेल्या एका आजींची मुलाखत लॅपटॉपवर ऐकून उतरवत होते. ऐन गावाचं नाव आलं की ब्लूटूथ हेडफोन डिस्कनेक्ट! चारदा असं झाल्यावर कारण शोधायला बसले. (थीसिस टाळायला बरा बहाणा.)

1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी राखला गेला, संदेशांसाठी नव्हे. पुढे तिथे परवाना लागेना, म्हणून वायफाय, ब्लूटूथ सगळे तिथेच शिरले. भारतात ही मोकळीक 2005 मध्ये आली. या गर्दीत ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा चॅनेल बदलतं. 2003 च्या 1.2 आवृत्तीपासून ते गजबजलेले चॅनेल टाळायलाही शिकलं. पण टाळून जाणार कुठे? यूएसबी 3.0 चा गोंगाट जवळजवळ सगळ्या पट्ट्यावर पसरतो, हे इंटेलने 2012 मध्ये मोजून दाखवलं. आणि माझी मुलाखतींची हार्ड डिस्क तशाच पोर्टात, लॅपटॉपला खेटून!

लांब केबल लावून डिस्क दूर ठेवली, वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं. त्रास थांबला. गावाचं नाव मात्र वायरवाला हेडफोन लावूनच नक्की केलं.